मॅन आज्ञा

मॅन आज्ञा : युनिक्स व तिच्या परंपरेतील परिचालन प्रणालींमध्ये एखाद्या आज्ञेविषयीची, आज्ञावलीविषयीची किंवा प्रणालीच्या अंतर्गत सेवेविषयीची अधिकृत माहिती वापरकर्त्यासमोर आणून देणारी आज्ञा. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाची स्मृती, चकत्या, मुद्रक इ. साधनांचे नियंत्रण करणारा व इतर आज्ञावल्या चालविणारा मूलभूत आज्ञावलींचा संच होय [⟶ संगणक]. ‘मॅन’ हे ‘मॅन्युअल’ म्हणजे माहितीपुस्तिका या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. कळफलकावर ‘मॅन’ हा शब्द व त्यापुढे हव्या असलेल्या विषयाचे नाव टंकित केले की, त्या विषयावरील पान पडद्यावर येते. १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात प्रचारात आलेली ही आज्ञा आजही जवळजवळ त्याच स्वरूपात वापरली जाते. संगणकाच्या क्षेत्रात इतके दीर्घायुष्य लाभलेल्या गोष्टी थोड्याच आहेत.

या आज्ञेचा इतिहास हा मुख्यतः ती ज्या पुस्तिकेची पाने दाखविते, त्या पुस्तिकेचा इतिहास आहे. ज्याने आज्ञावली रचली त्यानेच तिचे वर्णन लिहावे, ते थोडक्यात लिहावे आणि त्यात तिचे दोषही नोंदवावेत, असा दंडक या पुस्तिकेने घालून दिला. त्याचा परिणाम केवळ लेखनावर न होता खुद्द प्रणालीच्या रचनेवरही झाला.

पूर्वपीठिका : १९६० च्या सुमारास संगणकाविषयीची माहिती जाडजूड छापील ग्रंथांत असे. हे ग्रंथ यंत्रशाळेतील कपाटात ठेवलेले असत आणि यंत्रात सुधारणा झाली की, त्यांतील मजकूर जुना होई. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणाऱ्या कालविभाजन पद्धतीमुळे परिस्थिती बदलली. आपल्या टंकयंत्रासमोर बसलेल्या वापरकर्त्याला अडचण तेथल्या तेथे सोडवावी लागू लागली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीची मार्गदर्शिका १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. याच प्रणालीसाठी जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये ‘रनऑफ’ ही आज्ञावली तयार केली. मजकुराच्या ओळींमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या लहान सूचना लिहावयाच्या व त्यांनुसार संगणकाने परिच्छेद, समास आणि पृष्ठे पाडून द्यावयाची, अशी तिची पद्धत होती. मॅन पानांची लेखनपद्धती हिच्यापासूनच उत्क्रांत झाली.

यानंतर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल टेलिफोन लॅबोरेटरीज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केनेथ टॉम्सन (जन्म १९४३) यांनी पीडीपी–७ या लहान व त्या वेळीही जुन्या झालेल्या संगणकावर एक साधी परिचालन प्रणाली उभी केली. डेनिस रिची (१९४१–२०११) व इतर सहकारी त्यांना येऊन मिळाले. तीच पुढे युनिक्स या नावाने प्रसिद्ध झाली.

अधिक मोठे यंत्र मिळविण्यासाठी या गटाला संस्थेपुढे काही व्यावहारिक प्रयोजन मांडणे भाग होते. त्यांनी मजकुराचे संपादन व मांडणी करणारी प्रणाली तयार करण्याची तयारी दर्शविली आणि १९७० मध्ये पीडीपी–११ हा संगणक मिळविला. १९७१ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट विभागातील टंकलेखक युनिक्सवर पेटंटांचे अर्ज तयार करू लागले. अशा रीतीने दस्तऐवजांची मांडणी हे युनिक्सचे पहिले अधिकृत कार्य ठरले. ज्या साधनांनी पेटंटांचे अर्ज तयार होत, त्याच साधनांनी प्रणालीची स्वतःची पुस्तिकाही तयार करता येत होती.

पहिली आवृत्ती : पहिली सुमारे दोन वर्षे युनिक्सचे असे कोणतेही लिखित वर्णन नव्हते. वापरणारे थोडे होते व ते एकमेकांजवळ बसत, त्यामुळे विचारून काम भागत असे. टॉम्सन व रिची यांच्या विभागाचे प्रमुख डग्लस मॅकिलरॉय (जन्म १९३२) यांनी मात्र पुस्तिकेचा आग्रह धरला. त्यानुसार टॉम्सन व रिची यांनी लिहिलेली ‘युनिक्स प्रोग्रॅमर्स मॅन्युअल’ ही पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी तयार झाली. ती युनिक्सवरील ‘ईडी’ या संपादकाच्या व रनऑफच्या परंपरेतील ‘रॉफ’ या मांडणी-आज्ञावलीच्या साह्याने सिद्ध करण्यात आली.

या पुस्तिकेचे सात विभाग होते : (१) आज्ञा, (२) प्रणालीच्या गाभ्याकडून सेवा मिळविण्याचे सिस्टिम कॉल, (३) उपआज्ञावल्या, (४) मुद्रक, चकती यांसारख्या साधनांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या विशेष फाइली, (५) फाइलींची अंतर्गत रूपे, (६) वापरकर्त्यांनी सांभाळलेल्या आज्ञावल्या आणि (७) संकीर्ण. प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान देऊन पानावरील मथळ्यांचा क्रमही ठरविण्यात आला. आरंभी नाव व एका ओळीत प्रयोजन, मग आज्ञा लिहिण्याचे संक्षिप्त रूप, त्यानंतर वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पहा’ या मथळ्याखाली इतर पानांचे संदर्भ, चुका झाल्यास येणारे संदेश, दोष आणि शेवटी त्या आज्ञावलीच्या स्वामीचे नाव असा हा क्रम होता. यांतील स्वामीचे नाव पुढे वगळण्यात आले. उरलेला आराखडा थोड्याफार फरकाने टिकून राहिला. अर्धशतकापूर्वीचे पान व आजचे पान शेजारी ठेवल्यास त्यांतील साम्य सहज ध्यानात येते.

त्या वेळच्या युनिक्स यंत्राची स्मृती २४ हजार बाइट व चकतीची क्षमता सुमारे ५१२ हजार बाइट होती. उत्तरे पडद्यावर न येता दूरमुद्रकाच्या कागदावर उमटत. प्रचारातील एक दूरमुद्रक सेकंदाला अवघी १० अक्षरे छापी. म्हणजे तीन हजार अक्षरांचे एक पान छापून होण्यास पाच मिनिटे लागत. अशा परिस्थितीत पाल्हाळ परवडण्याजोगा नव्हता. मॅन पानांच्या भाषेतील मितव्ययाचे एक कारण या यंत्रांच्या मर्यादांत सापडते. दुसरे कारण लेखकांच्या दृष्टिकोनात होते. पान हे शिकविण्यासाठी नसून जाणकाराला नेमका तपशील सांगण्यासाठी आहे, असे ते मानीत.

दोषांची नोंद : ‘दोष’ हा मथळा हे या पुस्तिकेचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय. उत्पादकांच्या पुस्तिकांत यंत्राच्या उणिवा सहसा सांगितल्या जात नसत. युनिक्सच्या पुस्तिकेत मात्र आज्ञावली कोठे चुकते, कोणत्या प्रसंगी तिच्यावर विसंबू नये, याची कबुली तिचा कर्ताच देई. आरंभीच्या आवृत्त्यांत फाइली पुसण्यासाठी असलेल्या ‘डीएसडब्ल्यू’ या आज्ञेच्या पानावर तर तिचे नाव जुन्या काळातून चालत आलेले असून ते योग्य नाही, हाही दोष म्हणून नोंदविलेला आढळतो. अशा मोकळेपणामुळे वाचकाचा उरलेल्या मजकुरावर विश्वास बसे.

या प्रथेचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघण्याची वेळ आली की, बेल लॅबोरेटरीजमध्ये आज्ञावल्यांची साफसफाई होई. एखाद्या आज्ञेचे वर्तन कागदावर मांडताना अपवादांमागून अपवाद सांगावे लागत असतील, तर ते वर्णन पुरे करण्यापेक्षा आज्ञाच सरळ करणे सोपे जाई. जे थोडक्यात सांगता येत नाही त्याची रचनाच सदोष असली पाहिजे, ही जाणीव लेखनातून उत्पन्न झाली. या अर्थाने पुस्तिका ही प्रणालीचे केवळ वर्णन नव्हती, तर तिची परीक्षाही होती.

आवृत्त्यांची परंपरा : दुसरी आवृत्ती जून १९७२ मध्ये निघाली. तोपर्यंत युनिक्स चालविणाऱ्या यंत्रांची संख्या १० झाली होती. तिसरी आवृत्ती फेब्रुवारी १९७३ मध्ये व चौथी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. सहाव्या आवृत्तीचे वर्ष १९७५ असून सातवी जानेवारी १९७९ मध्ये निघाली. संशोधनातील प्रणाली सतत बदलत असे व तिला स्वतंत्र क्रमांक नसत; म्हणून पुस्तिकेच्या आवृत्तीवरूनच प्रणाली ओळखली जाऊ लागली. ‘सहावी आवृत्ती’ किंवा ‘सातवी आवृत्ती’ ही युनिक्सची सुपरिचित नावे वस्तुतः पुस्तिकेच्या आवृत्त्यांची आहेत. ग्रंथाने यंत्रप्रणालीला नाव द्यावे, हे उदाहरण विरळाच होय.

पुस्तिकेबरोबर मांडणीची साधनेही विकसित झाली. जोसेफ ओसॅना (१९२८–७७) यांनी टंकयंत्रासाठी ‘एन्‌रॉफ’ व छायाजुळणी यंत्रासाठी ‘ट्रॉफ’ या आज्ञावल्या रचल्या. त्यांच्या निधनानंतर ब्रायन कर्निगन (जन्म १९४२) यांनी ट्रॉफमध्ये सुधारणा करून ती निरनिराळ्या जुळणी यंत्रांवर चालेल अशी केली. सातव्या आवृत्तीबरोबर मॅन पानांसाठी ‘मॅन’ याच नावाचा मांडणी-सूचनांचा संच उपलब्ध झाला. त्यामुळे लेखकाला मथळे व परिच्छेद यांची केवळ खूण करावी लागे. त्यांचे रूप संगणक ठरवी. सातव्या आवृत्तीचा पहिला खंड पानांचा, तर दुसरा विवेचक निबंधांचा होता. पानांतून नेमकी माहिती मिळावी व निबंधांतून विषय समजावा, अशी ही विभागणी होती. ही आवृत्ती १९८३ मध्ये होल्ट, राइनहार्ट अँड विन्स्टन या प्रकाशन संस्थेने बाजारातही आणली.

आज्ञेचे कार्य : पुस्तिकेचा मजकूर संगणकावरच लिहिला जात असल्याने तो चकतीवर साठविलेला असे. छापील प्रत हाताशी नसताना त्यातील हवे ते पान मागता यावे, ही मॅन आज्ञेमागील साधी कल्पना होती. ही आज्ञा स्वतः फारसे काम करीत नाही. ती इतर आज्ञावल्यांना कामाला लावते. प्रथम ती ठराविक निर्देशिकांच्या यादीत मागितलेल्या नावाची फाइल शोधते. फाइलीच्या नावाला तिच्या विभागाचा क्रमांक जोडलेला असतो. फाइल सापडली की, ती मांडणी करणाऱ्या आज्ञावलीकडे जाते व तेथून तयार झालेले पान एकेक पडदाभर मजकूर दाखविणाऱ्या आज्ञावलीकडे सोपविले जाते. एका आज्ञावलीचे फलित नळीतून वाहावे तसे दुसरीकडे पाठविण्याची ही पद्धत मॅकिलरॉय यांनीच सुचविली होती व १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये अंतर्भूत झाली.

एकच नाव दोन विभागांत असू शकते. उदा., ‘पासडब्ल्यूडी’ या नावाचे पहिल्या विभागातील पान परवलीचा शब्द बदलण्याच्या आज्ञेविषयी, तर पाचव्या विभागातील पान वापरकर्त्यांची नोंद असलेल्या फाइलीविषयी आहे. अशा वेळी आज्ञेत विभागाचा क्रमांक द्यावा लागतो. म्हणूनच युनिक्सविषयक लेखनात आज्ञेच्या नावापुढे कंसात क्रमांक देण्याचा प्रघात पडला. सातव्या आवृत्तीपासून आठ विभाग रूढ झाले : सहावा खेळांसाठी व आठवा प्रणालीच्या देखभालीसाठी ठेवण्यात आला.

ज्याला आज्ञेचे नावच ठाऊक नाही, त्याला मॅन आज्ञेचा उपयोग नसे. छापील पुस्तिकेत ही अडचण फिरत्या सूचीने सोडविली होती. तीत प्रत्येक पानाच्या एका ओळीच्या वर्णनातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द वर्णक्रमाने लावलेला असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय (जन्म १९५४) यांनी १९७९ मध्ये ‘अ‍ॅप्रोपो’ व ‘व्हॉटइज’ या आज्ञा तयार करून हीच सोय संगणकावर आणली. ‘अ‍ॅप्रोपो’पुढे एखादा शब्द दिला की, ज्या ज्या पानांच्या नावात किंवा प्रयोजनात तो येतो त्यांची यादी मिळते. पुढे ‘मॅन’ला ‘के’ हा विकल्प जोडूनही हे काम होऊ लागले. डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८ मध्ये बर्कली येथेच लिहिलेल्या ‘मोअर’ या आज्ञावलीमुळे लांब पान पडद्यावर थांबत थांबत वाचणे शक्य झाले. दूरमुद्रकांची जागा पडदे घेत असल्याच्या काळात ही सोय महत्त्वाची ठरली.

प्रसार : बेल लॅबोरेटरीजची पालक कंपनी एटी अँड टी ही १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनी-व्यवसायाबाहेर व्यापार करू शकत नव्हती. म्हणून विद्यापीठांना युनिक्स अल्प शुल्कात परवान्याने देण्यात येई. परंतु तिच्याबरोबर दुरुस्तीची वा मार्गदर्शनाची कोणतीही हमी नसे. फीत व पुस्तिका हाती आली की, पुढचे सर्व ज्याचे त्याने पाहावयाचे. अशा वेळी दूरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला प्रणालीच्या कर्त्यांशी जोडणारा दुवा पुस्तिकेचाच होता. १९७० नंतरच्या दशकात युनिक्स जगभरच्या विद्यापीठांत पसरली, याचे श्रेय तिच्या रचनेइतकेच या लहानशा पुस्तिकेलाही द्यावे लागते.

१९८४ मध्ये एटी अँड टी कंपनीचे विभाजन झाल्यावर तिच्यावरील व्यापारी निर्बंध दूर झाले आणि युनिक्सला विक्रीच्या वस्तूचे स्वरूप आले. मजकुराची मांडणी करणाऱ्या आज्ञावल्या प्रणालीपासून वेगळ्या काढून स्वतंत्रपणे विकण्याची रीत काही विक्रेत्यांनी पाडली. त्यामुळे अशा यंत्रांवर आधीच मांडून ठेवलेली पानेच तेवढी वाचता येत. नवे पान लिहून ते मांडून पाहण्याची सोय नसे. वाचक व लेखक यांच्यातील जे अंतर पहिल्या आवृत्तीत जवळजवळ नव्हते, ते या व्यवस्थेत पुन्हा निर्माण झाले.

रिचर्ड स्टॉलमन (जन्म १९५३) यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने मुक्त आज्ञावल्यांबरोबरच मुक्त माहितीपुस्तिकांचाही पुरस्कार केला. याच प्रकल्पासाठी जेम्स क्लार्क यांनी १९९० च्या सुमारास तयार केलेल्या ‘ग्रॉफ’ या मांडणी-आज्ञावलीमुळे मॅन पाने कोणालाही विनामूल्य मांडता येऊ लागली. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केल्यावर त्यासाठी पाने लिहिण्याचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. २००४ पासून अनेक वर्षे मायकेल केरिस्क यांनी ते सांभाळले. एखाद्या आज्ञावलीला मॅन पान नसणे हा दोष समजावा, असा नियम डेबियन या लिनक्स वितरणाने केला आहे. बर्कलीच्या परंपरेत मजकुराच्या अर्थानुसार खुणा करणारा ‘एमडॉक’ हा सूचनासंच १९९० च्या सुमारास पुढे आला व २००८ मध्ये त्यासाठी ‘मॅनडॉक’ ही नवी आज्ञावली लिहिण्यास आरंभ झाला. मॅक संगणकांच्या २००१ पासूनच्या युनिक्साधारित प्रणालीतही मॅन आज्ञा आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील पॉवरशेलमध्ये साहाय्याच्या आज्ञेला ‘मॅन’ हे पर्यायी नाव देण्यात आले, यावरून या शब्दाची रुजवण लक्षात येते.

आक्षेप व मर्यादा : मॅन पानांवर टीकाही पुष्कळ झाली. मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात युनिक्सवर लेख लिहून तिच्या आज्ञांची तुटक व विसंगत नावे सामान्य माणसाला जाचक असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युनिक्सच्या विरोधकांच्या उपरोधिक ग्रंथात तर पुस्तिकेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पान समजण्यासाठी विषय आधीच समजलेला असावा लागतो, उदाहरणे क्वचित असतात आणि महत्त्वाचे व किरकोळ विकल्प एकाच यादीत वर्णक्रमाने येतात, हे आक्षेप सामान्यतः घेतले जातात. ही उणीव कर्त्यांनाही अपरिचित नव्हती. सातव्या आवृत्तीबरोबर कर्निगन व मायकेल लेस्क यांनी ‘लर्न’ ही नवशिक्याला टप्प्याटप्प्याने धडे देणारी आज्ञावली दिली होती. ग्नू प्रकल्पाने ग्रंथाप्रमाणे प्रकरणे व अंतर्गत दुवे असलेली ‘इन्फो’ ही वेगळी पद्धत स्वीकारली व मॅन पानांना दुय्यम स्थान दिले. तथापि जाणकार वापरकर्त्यांची मॅनची सवय सुटली नाही.

दुसरी मर्यादा काळाची आहे. पुष्कळशी मॅन पाने आता मूळच्या एकदोन पृष्ठांवरून शेकडो परिच्छेदांपर्यंत वाढली आहेत. मूळच्या पानातील मितव्यय हा आज्ञावलीच्या साधेपणाचे प्रतिबिंब होता. आज्ञावलीला विकल्पांमागून विकल्प जोडले गेले, तसे पानही फुगत गेले. काही आज्ञावल्यांच्या पानांतील ‘दोष’ हा मथळा लुप्त झाला आहे किंवा त्याखाली केवळ तक्रार कोठे पाठवावी एवढेच असते. ही पाने अजून खरे सांगतात. पण आपल्या उणिवा आपणच सांगण्याचा जुना बाणा त्यांत क्षीण झालेला दिसतो.

महत्त्व : इंटरनेटवरील शोधयंत्रांमुळे व अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे संगणकविषयक प्रश्नांची उत्तरे मॅन आज्ञेवाचूनही मिळतात. असे असूनही तिचे दोन गुण अन्यत्र सहसा एकत्र आढळत नाहीत. यंत्रावर जी आज्ञावली बसविलेली असते, तिच्याच आवृत्तीचे वर्णन तिच्यासोबत आलेले असते. त्यामुळे दुसऱ्या यंत्राची किंवा जुन्या आवृत्तीची माहिती लागू करण्याची चूक टळते. शिवाय यंत्र जाळ्यापासून तुटलेले असतानाही, म्हणजे मदतीची गरज बहुधा सर्वांत अधिक असते तेव्हा, ही माहिती हाताशी राहते. बिघडलेला संगणक सावरण्यासाठी रात्री एकट्याने बसलेल्या तंत्रज्ञाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

साधनाबरोबर त्याचे ज्ञानही हस्तांतरित झाले पाहिजे, ते कर्त्याच्या मर्जीवर किंवा स्मरणावर अवलंबून राहता कामा नये, हे तत्त्व १९७१ च्या त्या पुस्तिकेने व्यवहारात आणून दाखविले. एका विभागप्रमुखाच्या आग्रहातून व दोन प्रणालीकारांच्या लेखणीतून निघालेल्या या प्रथेमुळे, पुढील पिढ्यांतील असंख्य अपरिचित वापरकर्त्यांना कोणालाही न विचारता आपले आपण शिकता आले. मॅन आज्ञेचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.